देवघराला काव की नीळ?

समईच्या काजळीचे डाग झाकावेत म्हणून देवघरास गडद रंग हवा, यावर आमच्या घरी एकमत. वाद होता तो निळा की काव, इतकाच. दोन्ही रंग आम्ही भिंतीवर हातभर लावून पाहिले. दिवसा निळाच अधिक शोभला. परंतु समई उजळताच तो काळवंडला. ज्योतीच्या प्रकाशात पिवळा-तांबडा अंश विपुल, निळा अत्यल्प. मग निळ्या भिंतीने परत काय द्यावे? काव, संस्कृतातील गैरिक, ही लोहयुक्त माती. ती त्याच प्रकाशात उजळली. गतवर्षी आमच्या नव्वदीतील मातोश्री तिन्हीसांजेस उंबरठ्याला अडखळल्या होत्या. सबब आमचा कौल कावेला. वाचकहो, रंग दुकानात नव्हे, दिव्यापाशी निवडावा.