फुकट किती, उसनें किती?

बारावीचे निकाल लागले, मृग तोंडावर आला, आणि आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांच्या दाराशीं दोन खर्च एकाच वेळीं येऊन उभे राहिले. एक बीं-खताचा, दुसरा कॉलेजच्या फीचा. मुलगा हुशार आहे. मुलगी कदाचित् त्याहून हुशार आहे. पण फीचा आंकडा ऐकून बाप ओट्यावर डोकें धरून बसतो, आणि आईचा हात नकळत कानांतल्या फुलांकडे जातो. नेमक्या अशा वेळीं कोणी तरी गोड बोलणारा गृहस्थ घरीं येतो. "अर्धी फी माफ, उरलेल्याला कर्ज, तुम्ही फक्त सही करा," असें तो सांगतो. बाप सही करतो. ती कशावर केली, किती वर्षांसाठीं केली आणि मुलाबरोबर आपणही कर्जदार झालों कीं काय, हें त्याला बँकेची नोटीस आल्यावर कळतें.

सही कशावर केली हें न कळण्याचें दुःख आमच्या समाजाला नवें नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून जे दंगे पेटले, त्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या घरांतील खतांवर होता. तीं हिसकावून घेऊन त्यांनीं जाळलीं. कारण त्यांच्या जमिनी ज्या कागदानें गेल्या, तो त्यांना वाचतांच येत नव्हता. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, आणि शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावें अशी त्यांत तजवीज झाली. आज सावकाराची बखळ गेली, कॉलेजची काचेची इमारत आली. मोडींतलें खत गेलें, मोबाईलवरचा इंग्रजी मजकूर आला. पण न वाचतां अंगठा उठविण्याची आमची खोड गेली काय? ज्या विद्येसाठीं आम्ही मुलांना पाठवितों, तिच्या पहिल्याच कागदावर आम्ही अडाणी रहावें, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाहीं.

म्हणून वाचकहो, या अंकीं आम्ही एकच गोष्ट सांगतों. मदत म्हणून जें कांहीं पुढें केलें जाईल, त्याचे आधीं तीन ढीग करा. पहिला ढीग देणगीचा: फीमाफी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, हें परत करावयाचें नसतें. दुसरा ढीग घामाचा: मुलानें शिकतां शिकतां काम करून मिळविलेला पैसा. तिसरा ढीग कर्जाचा. हें व्याजासकट फेडावयाचें असतें. बोलणारा माणूस तिन्हींना "मदत" असेंच म्हणतो. कर्जाला मदत म्हणण्याची ही चाल सावकाराचीच आहे.

देणगीलाही अटी असतात, हेंही विसरूं नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या बडोदें संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार. मुदत संपली तेव्हां, १९१७ सालीं, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. बडोद्याच्या नोकरींत त्यांना रहावयास घर मिळेना, तीही सोडावी लागली. मग त्यांनीं मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून पैसा सांठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य मिळालें, एका पारशी मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० सालीं त्यांनीं पुन्हां लंडन गांठलें. देणगी, स्वतःची कमाई आणि उसनवारी असे तिन्ही ढीग त्यांच्याही वांट्याला आले. पण कोणता पैसा कोणत्या ढिगांतला, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें.

आतां हिशेबाकडे वळूं. फी म्हणजे खर्च नव्हे. समजा, एका मुलाला घरापासून दूर इंजिनियरिंगच्या खासगी कॉलेजांत जागा मिळाली. वर्षाची शिक्षण फी ८८ हजार, विकास फी १० हजार, परीक्षा व किरकोळ ७ हजार, रहाणें-जेवणें ६५ हजार, पुस्तकें, साहित्य व एस्. टी. मिळून २० हजार. एकूण १ लाख ९० हजार. आतां "अर्धी फी माफ" याचा अर्थ शिक्षण फीची निम्मी रक्कम, म्हणजे ४४ हजार. परीक्षा फींत थोडीशी सूट मिळेल, ती सोडून देऊं. घरावर उरले १ लाख ४६ हजार. चार वर्षांचे ५ लाख ८४ हजार. "अर्धें माफ" ऐकून जो बाप निर्धास्त झाला, त्याच्या डोक्यावर तीन-चतुर्थांशाहून अधिक ओझें तसेंच आहे. हा हिशेब प्रवेशाआधीं पाटीवर मांडला तर मार्ग निघतो. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कळला तर मुलगा घरीं परत येतो.

मार्ग आहेत. महाराष्ट्रांत सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करावयाचे असतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांस शिष्यवृत्ती व फ्रीशिप आहे. ओबीसी, मराठा व खुल्या वर्गांतील दुर्बळ घरांच्या मुलांस, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत असल्यास, व्यावसायिक शिक्षणांत निम्मी शिक्षण व परीक्षा फी मिळते. आणि मुलींसाठीं तर २०२४-२५ सालापासून याच उत्पन्नमर्यादेंत ही फी संपूर्ण माफ आहे. असें असतां मुलाच्या फीसाठीं एकर विकणारा आणि मुलीला "परवडत नाहीं" म्हणून बारावीनंतर बोहल्यावर चढविणारा बाप आम्ही काय म्हणून खपवून घ्यावा? बाबा रे, आज तुझ्या घरांत कमी खर्चाचें शिक्षण मुलीचेंच आहे. आतां गरिबीची सबब पुढें करूं नकोस.

पोटाचा व निवाऱ्याचा खर्च फीहूनही अवघड, हें ओळखूनच शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत बोर्डिंगें उघडलीं, आणि भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविलें. तेथें मुलें स्वतः राबत व शिकत. पुणें विद्यापीठांत कर्मवीरांच्या नांवाची कमवा व शिका योजना आजही चालते; तिच्यांत काम करण्यांत कमीपणा कसला? अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीं पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठीं स्वाधार, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठीं सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. गवंडी, सुतार वगैरे जे बांधव इमारतीच्या कामावर जातात, त्यांनीं बांधकाम कामगार कल्याण मंडळांत नांव नोंदविलें असेल तर त्यांच्या मुलांस शिक्षणसाहाय्य मिळतें. नोंद नसेल तर कांहीं नाहीं. मुलगा कॉलेजांत गेल्यावर धांवपळ करण्यापेक्षां नोंद आजच करावी.

परंतु या देणग्यांच्या वाटेवर खड्डे आहेत, ते सांगितले पाहिजेत. पहिला खड्डा जागेचा. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेंतून झाला तरच वर सांगितलेली फीची सवलत मिळते. संस्थेच्या स्वतःच्या कोट्यांतील जागा घेतली, किंवा अभिमत अथवा खासगी विद्यापीठांत नांव घातलें, तर ही सवलत नाहीं. "आधीं प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचें मागाहून पाहूं," असें कोणी म्हटलें तर तेथूनच उठावें. दुसरा खड्डा कागदांचा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तेथें नॉन-क्रिमीलेअर, आणि आधारशीं जोडलेलें मुलाचें बँकखातें, यांपैकीं एक कागद नसला तरी वर्षाची रक्कम अडते. हे दाखले जूनमध्यें मागूं नयेत. मुलगा अकरावींत असतांनाच काढावे. तिसरा खड्डा मुदतीचा. शिष्यवृत्ती एकदां मिळाली म्हणजे चारही वर्षें चालली, असें नाहीं; दरवर्षीं अर्ज करावा लागतो. खुल्या वर्गासाठींच्या राजर्षि शाहू योजनेंत एका घरांतील दोनच मुलांना लाभ मिळतो, हेंही घरांत बसून आधीं ठरवावें. चौथा खड्डा आमच्याच घरांतला. रक्कम मुलाच्या खात्यांत जमा होते, आणि कधीं कधीं तिचा मोबाईल किंवा मोटारसायकलीचा हप्ता होतो. तो पैसा कॉलेजचा आहे. आला त्याच आठवड्यांत भरावा व पावती ठेवावी.

देणगी व कमाई लावून जें उरेल तेवढेंच कर्ज काढावें. बँक देते म्हणून अधिक काढूं नये. शैक्षणिक कर्जांत चार लाखांपर्यंत तारण मागावयाचें नसतें. जमिनीचा उतारा मागितला तर कारण लेखी मागावें. आतां व्याजाची गोष्ट. समजा, दरसालच्या आरंभीं १ लाख याप्रमाणें चार वर्षांत ४ लाख काढले, व्याज दहा टक्के सरळ, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षानें सुरू. पहिल्या लाखावर पांच वर्षांचें व्याज ५० हजार, मग ४०, ३० आणि २० हजार. मुलानें पहिला हप्ता भरण्याआधींच ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झाले! "शिकतांना कांहींच भरावयाचें नाहीं" या वाक्याच्या पोटांत हे १ लाख ४० हजार दडलेले असतात. पहिल्या वर्षीं हें व्याज महिन्याला सुमारें ८३३ रुपये पडतें, चौथ्या वर्षीं ३,३३३. दुधाच्या पैशांतून जमेल तेवढें तें भरीत गेल्यास पुढचा डोंगर होत नाहीं. घरचें उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था योजनेंत बसत असतील, तर या काळाचें व्याज केंद्र सरकार भरतें. २०२४ सालीं मंजूर झालेल्या विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक संस्थांतील मुलांना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळांत तीन टक्क्यांची सूट आहे. बँकेंत पहिल्या दिवशींच हें विचारावें. विचारण्याला फी पडत नाहीं.

सरकारला व संस्थाचालकांनाही आमचें सांगणें आहे. प्रत्येक कॉलेजनें प्रवेशाआधीं एक कागद मराठींत द्यावा: सर्व वर्षांचा एकूण खर्च किती, माफ किती, कर्ज किती, घरानें भरावयाचें किती. शिष्यवृत्तीचा हप्ता सरकारकडून उशिरां आला तर त्याची शिक्षा मुलाला परीक्षेच्या दाराशीं अडवून देऊं नये. चूक तिजोरीची आणि दंड रयतेच्या पोराला, हा कोणता न्याय? तहसील कचेऱ्यांनीं दाखल्यांचीं शिबिरें उन्हाळ्यांतच गांवोगांव भरवावीं. आणि देणगी मागणाऱ्या संस्थांना आठवण असूं द्या कीं महाराष्ट्रांत १९८७ सालापासून कॅपिटेशन फी घेणें हा कायद्यानें गुन्हा आहे. पावती न देतां घेतलेला पैसा चोरीचा होय. देणाऱ्यानेंही तो मुकाट्यानें देऊं नये.

शेवटीं गांवच्या शिकलेल्या तरुणांना. तुम्ही ज्या वाटेनें गेलांत ती तुम्हांस ठाऊक आहे. जून-जुलैंत आठवड्याचे दोन दिवस दिवेलागणीनंतर चावडींत किंवा तालमींत बसा, आणि लोकांचे कागद त्यांना वाचून दाखवा. यंदाचा शासननिर्णय काय, अर्जाची शेवटची तारीख कोणती, सही कोठें आणि कशासाठीं, एवढें सांगितलेंत तरी एखाद्या घराचें शेत वांचेल आणि एखादी मुलगी कॉलेजांत जाईल. आमच्या आज्यांनीं न वाचतां केलेलीं खतें अखेरीस जाळावीं लागलीं. आमच्या नातवंडांचे कागद आम्ही वाचूनच सही करूं, एवढा निश्चय या हंगामांत प्रत्येक घरानें करावा.