हक्काच्या जागी हप्ता

अमेरिकेतील सामान्य घरच्या मुलाला महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वी एक सरकारी अर्ज भरावा लागतो. ‘फॅफ्सा’ या नावाने तो ओळखला जातो. आईबापांचे उत्पन्न, त्यांची बचत, घरातील माणसे यांची नोंद झाली की सरकारी सूत्रानुसार त्या कुटुंबाची ऐपत ठरते आणि विद्यापीठ विद्यार्थ्याला मदतीचे पत्र पाठवते. या पत्रात अनुदान, विद्यापीठातच काम करून मिळवावयाचे वेतन आणि कर्ज या तिन्ही गोष्टी ‘आर्थिक साहाय्य’ या एकाच सदराखाली मांडलेल्या असतात. जे परत करावयाचे नाही आणि जे सव्याज परत करावयाचे आहे, त्या दोहोंना एकच नाव देणाऱ्या या पत्रात त्या देशाच्या शैक्षणिक अर्थकारणाचे मर्म सामावलेले आहे.

कर्ज घेण्याचे ठरले की विद्यार्थी वचनचिठ्ठीवर सही करतो. मंजूर रकमेतून सुमारे एक टक्का आकार सरकार आधीच कापून घेते. व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालते. पैसा प्रथम विद्यापीठाकडे जातो, तेथे शुल्क वळते होते आणि काही उरलेच तर ते विद्यार्थ्याच्या हाती पडते. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळते. त्यातील फार तर ३,५०० डॉलरवरचे शिक्षणकाळातील व्याज सरकार सोसते. शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. मग नोकरी लागलेली असो वा नसो.

ही व्यवस्था वाईट हेतूने जन्माला आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रशियाने १९५७ मध्ये कृत्रिम उपग्रह सोडल्यावर जागे झालेल्या अमेरिकेने १९५८ मध्ये संघीय विद्यार्थी कर्जांना प्रारंभ केला. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली, ती टेक्सासमधील ज्या महाविद्यालयात ते स्वतः शिकले होते तेथे जाऊन. कायद्याने लक्षावधी गरिबांना दारे खुली झाली, हे मान्य केलेच पाहिजे. १९७२ मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी अनुदान आले. पुढे त्याला सिनेटर पेल यांचे नाव मिळाले. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास हे कमाल अनुदान सार्वजनिक विद्यापीठातील शिक्षणाचा व राहण्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक खर्च भागवीत असे. आज ते जेमतेम एक तृतीयांशाला पुरते.

मधल्या काळात काय घडले? १८४७ पासून विनाशुल्क शिक्षण देण्याची परंपरा असलेल्या न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने १९७६ मध्ये आर्थिक पेचप्रसंगाच्या काळात शुल्क लादले. इतर राज्यांनीही टप्प्याटप्प्याने आपला हात आखडता घेतला. समाजाने उचलावयाचा भार कुटुंबावर आणि कुटुंबाला न पेलणारा भार अठरा वर्षांच्या मुलाच्या भावी कमाईवर टाकण्यात आला. कर्ज हे या माघारीचे साधन ठरले. कर्ज मिळते म्हणून शुल्क वाढविणे सोपे झाले आणि शुल्क वाढले म्हणून कर्ज अपरिहार्य झाले. आज सव्वाचार कोटींच्या आसपास ऋणकोंच्या डोक्यावर सुमारे १.६ लाख कोटी डॉलरचे संघीय कर्ज आहे.

या कर्जाची पकडही साधी नाही. व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले तर कायदा त्याला नव्याने उभे राहण्याची संधी देतो. विद्यार्थ्याची ही वाट १९७६ मध्ये अरुंद करण्यात आली आणि १९९८ मध्ये जवळजवळ बंदच झाली. असह्य हालअपेष्टा न्यायालयात सिद्ध केल्याखेरीज सुटका नाही. २७० दिवस हप्ते थकले की ऋणको कसूरदार ठरतो आणि न्यायालयाची पायरी न चढता त्याच्या वेतनाचा १५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा वळता करून घेण्याची सरकारला मुभा आहे.

कर्जमाफीचा प्रयत्न झाला नाही असे नाही. बायडेन सरकारची सुमारे ४०,००० कोटी डॉलरची योजना सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने उलट दिशा धरली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खर्चाच्या प्रमाणात कर्ज देणारी योजना नव्या ऋणकोंसाठी १ जुलै २०२६ पासून बंद करून त्या कायद्याने कर्जावर कमाल मर्यादा घातली. उधळपट्टीला आळा, असे तिचे समर्थन केले जाते. परंतु शुल्काला हात न लावता केवळ कर्ज आटविले, तर श्रीमंताचे काही बिघडत नाही. गरीब मात्र खाजगी सावकाराच्या दारी जातो किंवा शिक्षण सोडतो. माफी आणि मर्यादा हे दोन्ही उपाय मूळ प्रश्नाला बगल देतात. शिक्षणाचा खर्च कोणी करावयाचा, हा तो प्रश्न आहे.

तो आपल्याला परका नाही. पुण्या-नागपूरहून अमेरिकेला जाणाऱ्या मुलांना तेथील संघीय कर्ज मिळत नाही. त्यांच्यासाठी येथे घर वा जमीन बँकेकडे तारण ठेवली जाते. देशातही शुल्कवाढीविरुद्ध आवाज उठला की ‘शैक्षणिक कर्ज आहेच’ असे उत्तर मिळते. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्थेने तर सार्वजनिक विद्यापीठांनाच अनुदानाऐवजी कर्जाची वाट दाखविली. संस्था ऋणको झाली की तिचा हप्ता अखेर शुल्काच्या रूपाने कोणाकडून वसूल होणार, हे सांगावयास नको.

महाराष्ट्राने एकेकाळी वेगळा मार्ग चोखाळला होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. तेथे मुलाने श्रम दिले, पण आपले उद्याचे आयुष्य गहाण टाकले नाही. कार्यकर्त्यांनी शिक्षणकर्जाच्या सुलभ अटींची मागणी जरूर करावी; आज अडलेल्या मुलाला तिची गरज आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास लढा हरल्यासारखाच आहे. सार्वजनिक विद्यापीठांना पुरेसे अनुदान आणि परवडणारे शुल्क, ही मागणी प्रत्येक महाविद्यालयाच्या दाराशी नेली पाहिजे. हक्काच्या जागी हप्ता एकदा रुजला की तो उपटून काढणे किती कठीण असते, याचा दाखला अमेरिकेने दिला आहे.