तंबू कुठे लागेल ते ग्रामसभा ठरवेल



मृगाचा पाऊस पडला की आपण बियाण्याची काळजी करतो आणि शहरातली माणसं सहलीची. शनिवार-रविवारी आमच्या पहूरच्या फाट्यावर गाड्या थांबतात, चहा होतो. काही गाड्या अजिंठ्याकडे जातात, काही जळगाव-चोपडा-शहादा करत तोरणमाळला. हजार मीटरहून उंच गाव, ढग खाली उतरलेले, यशवंत तलाव, सीताखाईचा धबधबा. तिथे राहायचं आणि तिथून डोंगर चढायचे, दोर लावून कडे उतरायचे, रानात तंबू टाकायचे. याला आता साहसी पर्यटन म्हणतात.

पाहुणा आपल्याला जड नाही. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या जत्रेला सातपुड्यातली माणसं कित्येक पिढ्यांपासून चालत येतात, चूल मांडतात, दर्शन घेतात, निघून जातात. डोंगर त्यांनी कधी मागितला नाही. आता मागणारे येऊ लागले आहेत. "पाच वर्षं जमीन द्या, तंबू लावतो, पोरांना काम देतो," असं म्हणत स्टॅम्पपेपर पुढे करतात. म्हणून हे लिहितो आहे.

आपलीच पोरं विचारतात, "त्यात वाईट काय भो? गुजरातला ऊसतोडीला जाणं तरी थांबेल." प्रश्न खरा आहे. पण महिने मोजा. पर्यटकांचा हंगाम जून ते सप्टेंबर. तेव्हाच पेरणी असते, निंदणी असते, घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. काम नसतं ते दिवाळीनंतर. तेव्हा धबधबे आटलेले, गाड्या बंद, आणि आपण मुकादमाच्या ट्रकात. म्हणजे ज्या महिन्यांत पोट भरत नाही, त्या महिन्यांत हा धंदाही नाही. स्थलांतर थांबवायचं तर नेवाडचा पट्टा पाहिजे, विहीर पाहिजे, बांबू-मोह-डिंकावर गावाची मालकी पाहिजे. तंबू त्याला जोड होईल, त्याची जागा घेणार नाही.

जोड म्हटलं तरी मालक कोण ते बघावं लागतं. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला. पुढे साहेबांचे बंगले झाले, १९०७ ला रेल्वे आली. आज खालच्या वाड्यांतले ठाकर-कातकरी त्याच डोंगरावर पाहुण्यांचं सामान डोक्यावर वाहतात. आमच्या शेजारची अजिंठा लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा झाली. सगळं जग येतं. डोंगराखालच्या भिल्ल-तडवी वस्त्यांत त्यातलं किती उतरलं, ते तुम्हीच मोजा.

आणखी एक गोष्ट खुपते. आपली बाई सरपणाची मोळी घेऊन निघाली की तिला अडवतात. पाहुण्यांची शेकोटी रात्रभर जळते, तिला कॅम्पफायर म्हणतात. ते चिखलातून चालतात त्याला साहस म्हणतात. अक्राणीच्या पाड्यांवर रस्ता नाही म्हणून आजारी माणसाला झोळीत घालून त्याच चिखलातून न्यावं लागतं, त्याला कोणी नाव दिलं नाही.

आता कायद्याचं नीट ऐका. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम ४(४) प्रमाणे वनहक्क वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव असतं, आणि दोघांनी मिळूनही तो कंपनीला देता येत नाही. सातबाऱ्याची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानेसुद्धा जात नाही. त्यामुळे साध्या स्टॅम्पपेपरावर अंगठा देऊ नका. ज्यांचा दावा अजून प्रलंबित आहे त्यांनी तर जास्तच जपावं. नेवाड पडीक टाकून तिथे तंबू उभा राहिला, तर पडताळणीला कसणूक काय दाखवणार?

कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी अशा १३ सोयी आहेत. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, तीही ग्रामसभेने शिफारस केली तरच. त्या १३ मध्ये रिसॉर्ट नाही. आणि कलम ५ प्रमाणे जंगल, पाणवठे, जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. हा अधिकार नुसता कागदावरचा नाही. गडचिरोलीच्या मेंढा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते आपला बांबू आपण विकतात. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं, आणि १२ च्या १२ ग्रामसभांनी नाही म्हटलं.

आपण सरसकट नाही म्हणायची गरज नाही. पण अटी आपल्या पाहिजेत. माझं म्हणणं असं, पुढच्या ग्रामसभेत यावर बोलावं:

१. पाहुण्यांची नोंद गावात होईल, शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जमा होईल.

२. वाटाड्या पाड्याचाच असेल. त्याची मजुरी ग्रामसभा ठरवेल. धुक्यात कोणी हरवलं तर शोधायला आपलीच पोरं जातात, त्याचाही रोज मिळाला पाहिजे.

३. नेवाडवर आणि पाणवठ्याजवळ तंबू नाही. मुक्काम घराच्या ओट्यावर, जेवण घरच्या चुलीवरचं. पैसा बाईच्या हातात.

४. दारू, डीजे बंद. प्लास्टिक आणणाऱ्याने परत न्यावं. विचारल्याशिवाय बायांचे, देवस्थानाचे फोटो नाहीत.

या अटी ज्याला पटतील त्याने खुशाल यावं, भाकर-ठेचा खाऊन जावं. ज्याला पटणार नाहीत, त्याच्यासाठी घाटाचा रस्ता खालीही जातो.

ग्रामसभेचा ठराव लेखी करा, सही-अंगठे घ्या, एक प्रत गावात ठेवा, एक तहसीलला द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

जिंदाबाद!

— एक कार्यकर्ता, पहूर (ता. जामनेर)