तेवीस वर्षांचा वाळीत टाकलेला व्यापारी

परवा कॅन्टीनमध्ये मित्राशी जुंपली. विषय स्पिनोझा. तो म्हणाला, "अरे, अ‍ॅमस्टरडॅममधले ते ज्यू इन्क्विझिशनच्या छळातून पळालेल्यांपैकी होते. एका पोरामुळे सगळ्यांचाच आसरा धोक्यात आला असता. त्यांचीही बाजू समजून घे ना!"

घेतली. पटली मात्र नाही.

स्पिनोझा म्हटलं की आपल्याला तत्त्वज्ञ आठवतो. पण २७ जुलै १६५६ ला समाजाने बहिष्कार टाकला तो एका तेवीस वर्षांच्या व्यापाऱ्यावर. १६५४ मध्ये वडील गेल्यापासून भाऊ गाब्रिएलबरोबर तो घरची पेढी सांभाळत होता. डोक्यावर वडिलांची कर्जं, आणि नावावर छापलेलं पुस्तक एकही नाही!

हुकूम काय? त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, पत्र लिहायचं नाही, मदत करायची नाही, एका छपराखाली राहायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही. 'कोणी' म्हणजे सख्खा भाऊसुद्धा. मग पेढी कसली चालवता? पुढे त्याने भिंगं घासली.

आणि गुन्हा? भयंकर पाखंडी मतं आणि अघोरी कृत्यं, बस्स. कुठली मतं, कुठली कृत्यं, हुकुमात एक अक्षर नाही. असा बग रिपोर्ट आला तर आपण तो तसाच परत पाठवतो. इथे माणूस बाद केला.

इन्क्विझिशन तक्रार करणाऱ्याचं नाव आरोपीला कळू देत नसे. ज्यांच्या आईबापांनी हे भोगलं, त्यांच्या कारभारी मंडळाने गुन्हाच गुलदस्त्यात ठेवावा? भीती खरी असेलही. पण भीतीमुळे वागणं समजतं, योग्य ठरत नाही.

बरं, भीती हेच कारण होतं ना? मग डिसेंबर २०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये बहिष्कार उठवावा का यावर जाहीर चर्चा झाली, तेव्हा कसली भीती होती? तरी धर्मगुरूंचं मत पडलं, उठवू नये. म्हणजे मूळ दुखणं वेगळं आहे. एकदा दिलेला हुकूम चुकला असं म्हणायची तयारी नाही.

यात ज्यूंनाच नावं ठेवायचं कारण नाही. 'वाळीत टाकणं' हा शब्द आपलाच आहे, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. तिथेही समर्थन हेच असतं, समाजाच्या भल्यासाठी केलं.

भल्यासाठी केलंत ना? मग गुन्हा लिहून द्या आणि त्या माणसाला बोलू द्या.

असो. मित्राने चहाचे पैसे दिले. मत बदललं नाही. पण आम्ही उद्याही एकाच टेबलावर बसणार आहोत.