पूल हवेतच, पण फेरीबोटही टिकायला हवी

मुंबईहून मोटारसायकलने कोकणातून गोव्याकडे निघालेल्या माणसासमोर दोन वाटा असतात. एक पनवेल, महाड, चिपळूणवरून जाणारा महामार्ग. दुसरी किनाऱ्याची. थंडी पडू लागली की हौशी रायडर ही दुसरी वाट धरतात. ती जागोजागी पाण्यापाशी येऊन थांबते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट, मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी, हरिहरेश्वराजवळ सावित्रीच्या मुखावर बागमांडला ते वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. प्रत्येक ठिकाणी गाडी बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरून पुढचा रस्ता धरायचा.

दाभोळच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभं राहिलं की या प्रवासातला कस दिसतो. पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे बोटीची फळी उताराच्या अगदी खालच्या टोकाला टेकते. एरवी पाण्याखाली असलेलं तिथलं काँक्रीट शेवाळानं बुळबुळीत झालेलं असतं. मागे बॅगा बांधलेली जड बुलेट तिथून खाली न्यायची म्हणजे जाणता चालक सोबत्याला आधीच उतरवतो, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो आणि पुढच्या ब्रेकला हात न लावता मागच्या ब्रेकवर अलगद सरकतो. बोटीत खलाशी हातानं खुणा करत आधी मोटारी लावून घेतो, मग उरलेल्या फटींत दुचाक्या. साइड स्टँड, गाडी गिअरमध्ये आणि एक हात हँडलवर. शेजारी आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो असतो, मासळीची टोपली बांधलेली स्कूटर असते, तालुक्याच्या कामाला निघालेली माणसं असतात.

म्हणूनच फेरीबोटीला पर्यटकांची गंमत समजणं चूक आहे. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात आणि ती गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहे. दाभोळ-धोपावे सेवा २००३ साली सुरू झाली. त्याआधी समोर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या गावी गाडी न्यायची तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा भलामोठा वळसा पडे. बोटीनं तो काही मिनिटांवर आणला.

आता या खाड्यांवर पूल उभारायचं ठरलं आहे. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी १९८०च्या दशकात मांडला आणि त्यातले मोठे पूल राज्य रस्ते विकास महामंडळानं हाती घेतले आहेत. पुलांना विरोध करण्याचं काहीच कारण नाही. रात्री अकराला बाळंतीण अडली तर तिला बोटीची वेळ सांगून चालत नाही. प्रश्न आहे तो पूल येईपर्यंत आणि आल्यानंतर फेरीचं काय करायचं, हा. सावित्रीच्या मुखावर, बाणकोटच्या खाडीवरचा पूल अर्धवट राहून वर्षानुवर्षं रखडला. ती सगळी वर्षं लोकांना बागमांडल्याच्या बोटीनंच पार नेलं. त्याच सावित्रीवर वरच्या अंगाला असलेला आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद करावा लागला, तेव्हाही म्हाप्रळ-आंबेतदरम्यान फेरीच धावली.

गोव्याचा अनुभव याहून बोलका आहे. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. नवा पूल खुला व्हायला १९९२ उजाडलं. तोवर पणजी-बेती फेरीबोटींनी माणसं आणि वाहनं वाहिली. गोव्यानं पूल बांधले, पण बोटी मोडीत काढल्या नाहीत. नदी परिवहन खात्याच्या नेहमीच्या बोटींवर पादचारी आणि दुचाकीस्वार आजही विनातिकीट जातात. तेरेखोलच्या किल्ल्याकडे निघालेला रायडर केरीच्या धक्क्यावर पाकीट न काढता बोटीत चढतो.

महाराष्ट्रानं निदान धक्क्यांची जबाबदारी तरी घ्यावी. फेरी चालवणारा खासगी असला तरी उतार सरकारी पैशानं दुरुस्त होऊ शकतो. ओहोटीतही बोट नीट लागेल इतका तो लांब हवा, त्यावर चाकं घसरू नयेत म्हणून आडव्या खाचा हव्यात, शेवाळ दर आठवड्याला खरवडायला हवं. बायकांसाठी स्वच्छतागृह, पावसात उभं राहायला छप्पर आणि रात्री रुग्णासाठी एक तयार बोट, एवढ्यासाठी पुलाची वाट पाहण्याची गरज नाही.

आणि पूल पुरे होण्याआधीच फेरीचाही निर्णय लेखी व्हावा. मोठी वाहनं पुलावर गेली की बोटीचं उत्पन्न घटेल आणि चालवणाऱ्याला ती परवडणार नाही, हे आजच दिसतं आहे. धक्क्यालगतच्या गावांना पुलापर्यंत उलटं जावं लागणार असेल, तर तिथं पादचारी आणि दुचाक्यांपुरती लहान बोट सरकारी अनुदानावर सुरू राहावी. त्या अनुदानाची तरतूद पुलाच्या अंदाजपत्रकातच धरता येईल.