कंप हाताला, चाहूल पोटात

हाताला कंप सुटला, पावले अडखळू लागली की घरातील वडीलधाऱ्यांना मेंदुविकारतज्ज्ञांकडे नेले जाते. त्यापूर्वी कित्येक वर्षे त्यांना बद्धकोष्ठाचा त्रास होता, याची दखल मात्र कोणी घेतलेली नसते. बद्धकोष्ठ असणाऱ्या प्रत्येकाला कंपवात होत नाही, हे खरे; पण ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून उडवून लावलेली ही तक्रार अनेकांच्या बाबतीत या व्याधीची पहिली चाहूल असते.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन करताना मलावरोधाची नोंद केली होती. पुढे सारे लक्ष मेंदूवरच खिळले. २००३ मध्ये हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने वेगळा विचार मांडला : रोगास कारणीभूत प्रथिनाच्या गाठी काही रुग्णांत प्रथम आतड्याच्या मज्जातंतूंत निर्माण होतात आणि व्हेगस या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. हे सर्वच रुग्णांना लागू पडते, असे सिद्ध झालेले नाही.

उपचाराच्या दृष्टीने मात्र पोटाचे महत्त्व निर्विवाद आहे. लेव्होडोपा हे मुख्य औषध लहान आतड्यात शोषले जाते. जठर मंदावले की गोळी तेथेच रेंगाळते. प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतली तर शोषणात अडथळा येतो. आतड्यातील काही जिवाणू हे औषध मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच फस्त करतात, हेही २०१९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले.

आयुर्वेदाने पक्वाशयाला वाताचे मुख्य स्थान मानले आणि खाजकुयलीचे बी औषधात वापरले. त्याच बियांतून १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी लेव्होडोपा वेगळा केला. याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु त्या अभिमानापोटी डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करणे किंवा तिच्या जोडीला खाजकुयलीचे चूर्ण गुपचूप सुरू करणे, हा रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे. एकाच द्रव्याची मात्रा अशी नकळत वाढली तर भास होतात, रक्तदाब घसरतो, शरीर अनावर हालू लागते.

परंपरेचा खरा गौरव घोषणांनी होत नाही, कसोटीला उतरलेल्या संशोधनाने होतो. ते वैद्य आणि डॉक्टरांनी एकत्र बसून करावे. घरच्यांनी तोवर एवढे तरी करावे : थरथरणारा हात हाती घेताना पोटाचीही विचारपूस करावी, आणि जे कळेल ते संकोच न बाळगता डॉक्टरांच्या कानी घालावे.