माळ ओसाड नव्हे

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, भोकरदन व जाफराबाद तालुक्यांच्या अंगाने, अजिंठ्याच्या डोंगरांची रांग जाते. पाऊस येथे बेताचाच. चैत्र-वैशाखात गवत वाळते, दगड तापतात आणि तरवड व बोरीच्या झुडपांखेरीज हिरवे काही दिसत नाही. वाटेने जाणारा सहज म्हणतो, "काय ही ओसाड जागा!" कागदोपत्रीही अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. परंतु हा समज खरा नव्हे.

ज्या उघड्या माळाला माणूस ओसाड म्हणतो, तोच कित्येक पक्ष्यांचा संसार आहे. माळटिटवी व धाविक झाडावर घरटे बांधीत नाहीत. खड्यांच्या रंगाची अंडी ती उघड्या जमिनीवरच घालतात. दोन पावलांवरूनही ती ओळखू येत नाहीत. पखुर्डी हा पक्षी कोरडे बी खातो, म्हणून त्याला पाणवठ्यावर जावेच लागते. तेथे नर आपल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवितो, दूरवर उडत जातो आणि तान्ह्या पिलांना त्या पिसांतील पाणी पाजतो! आफ्रिकेच्या वाळवंटातील त्याचे भाऊबंदही हेच करतात. डोंगराच्या कपारीत शृंगी घुबड राहते व रात्री शेतातील उंदीर टिपते. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी गवतातच रात्र काढतात आणि दिवसा नाकतोडे खातात. माळाचे हे रहिवासी शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदारच होत.

झाडे लावणे हे पुण्यकर्म आहे, यात शंका नाही. तथापि, प्रत्येक पुण्यकर्माला योग्य स्थळ असते. ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या कडेला, गावठाणात व शेताच्या बांधावर झाडे अवश्य लावावीत. पण जेथे पिढ्यान्‌पिढ्या गवतच वाढत आले, तेथे दाट झाडी उभी केली, तर उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्याने जावे कोठे? उन्हाळ्यात माळाला आग लावण्याची चाल तर त्याहून घातक आहे. नवे गवत जोमाने येईल, या आशेने काडी लावली जाते. परंतु त्या आगीत टिटवीची अंडी भाजतात आणि लावा-तित्तिरांचा आसरा नाहीसा होतो.

दुर्लक्षाचे फळ काय असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. माळढोक हा मोठा व देखणा पक्षी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील माळांवर अभयारण्य घोषित झाले. पण तोवर पुष्कळ माळ नांगराखाली गेले होते, पुढेही जात राहिले. आज त्या भागात माळढोक दिसणे अतिशय दुर्मीळ झाले आहे. जे माळढोकाचे झाले, ते उद्या धाविकाचे होऊ नये.

यासाठी फार मोठा खर्च नको. गवत पेटवू नये. गुरे बेताने चारावीत. अंडी दिसली, तर हात न लावता दुरूनच पाहावे. कारण माणूस जवळ रेंगाळला, तर पक्षिणी अंड्यांवर परत येण्यास कचरते आणि उन्हाने अंडी नासतात.

टिटवी ओरडली की लोक अशुभ मानतात. वस्तुतः ती माता आपल्या अंड्यांसाठी आकांत करीत असते. तो आकांत ज्याला समजला, तो मनुष्य माळाला पुन्हा ओसाड म्हणणार नाही.